रस्त्याकडेची शिरगणती

हिवाळ्यातील एका सकाळी जबलपूरहून मंडल्याच्या रस्त्याने आमची जीप मटाराच्या शेतांमधून चालली होती. दौऱ्याचे काम रुक्षच होते. एका योजनेवर झालेला खर्च आणि प्रत्यक्ष उभे राहिलेले काम यांचा मेळ घालून पाहायचा होता. रस्त्याच्या कडेला धुळीत चार-पाच तित्तिर खडे टिपत होते. गाडी जवळ आली तरी ते उडाले नाहीत. माना खाली घालून, झपाझप पावले टाकीत ते बांधावरच्या गवतात शिरले आणि क्षणात दिसेनासे झाले. निवृत्तीला आलेला आमचा चालक जबलपूरचाच. तो म्हणाला, "साहेब, पूर्वी या रस्त्यावर इतके तीतर असायचे की हॉर्न वाजवून हटवावे लागत." मी सहज विचारले, "इतके म्हणजे किती?" तो हसला. म्हणाला, "मोजले कोणी, साहेब?"

तीस वर्षे सरकारी नोकरीत आकड्यांशीच व्यवहार करीत आल्यामुळे हा प्रश्न मला चिकटून राहिला. गव्हाचे उत्पादन किती, रस्त्याची लांबी किती, शाळेत मुले किती, हे सांगणारी कागदपत्रे जिल्ह्याच्या कचेरीत दीडशे वर्षांची सापडतील. परंतु ज्या पक्ष्यांना प्रत्येक शेतकरी रोज पाहतो, ते पन्नास वर्षांपूर्वी किती होते हे सांगणारा एकही कागद नाही. असे का झाले, आणि इतरत्र ते कसे टळले, याचा जो थोडाफार शोध मी घेतला तो येथे मांडीत आहे.

मध्य प्रांताची स्थापना १८६१ साली झाली. सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत, १८६६ साली, या प्रांतात माणसांची शिरगणती झाली. सबंध हिंदुस्थानची पहिली जनगणना १८७२ ची, म्हणजे आपल्या या मागासलेल्या मानल्या गेलेल्या प्रांताने त्या कामात सहा वर्षांची आघाडी घेतली होती. त्याच काळात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे अधिकारी १८६२ साली पचमढीच्या पठारावर पोहोचले. त्यांचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक निरीक्षण आजही अभ्यासक आठवतात. पूर्वेकडील सालवनात लाल रानकोंबडा आणि बारशिंगा हे दोघे आढळतात. सागवानाच्या प्रदेशात ते नाहीसे होतात. आणि पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा जो एक एकाकी तुकडा आहे, तेथे ते पुन्हा भेटतात. कोणता पक्षी कोठे आहे आणि का आहे, याची इतकी बारीक नोंद एका फिरस्त्या अधिकाऱ्याने केली. मात्र किती आहेत, हा प्रश्न त्याला पडला नाही. पडण्याचे कारणही नव्हते. जे सर्वत्र आहे ते कोणी मोजीत नाही.

दुसरे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण त्यांना ओळखतो. परंतु इटाव्याचे हे माजी कलेक्टर हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे मोठे संघटकही होते. १८७२ पासून त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालविले आणि ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून पक्ष्यांच्या नोंदी मागविल्या. मार्शल यांच्यासह त्यांनी लिहिलेला शिकारी पक्ष्यांवरील त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. माळढोक, तणमोर, रानकोंबडे, तित्तिर, लावे, पखुर्ड्या असे जमिनीवर वावरणारे बहुतेक सारे पक्षी त्यात आले. ह्यूम हे अत्यंत पद्धतशीर गृहस्थ. तरीही त्यांच्या जाळ्यातून आलेली संख्या ही मुख्यतः शिकारीची संख्या होती. अमक्याने एका सकाळी इतके लावे मारले, तमक्याने इतक्या पखुर्ड्या पाडल्या. मारलेले मोजले गेले, उरलेले मोजले गेले नाहीत.

पुढे १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात माळढोक, तणमोर, रानकोंबडे, तित्तिर, मोर, लावे, पखुर्ड्या यांची नावे होती आणि त्यांच्या शिकारीला ठरावीक काळ बंदी घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. म्हणजे संरक्षण आले, मोजणी आली नाही. बंदीमुळे पक्षी वाढले की घटतच राहिले, हे तपासण्याचे साधनच प्रशासनाजवळ नव्हते. एखाद्या योजनेला अनुदान द्यावे आणि तिचे फलित कधीच विचारू नये, तसा हा प्रकार झाला.

अर्थात हे पक्षी मोजणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. तळ्यावरचे बदक उघड्यावर बसते. तित्तिराचे सारे संरक्षणच लपण्यात आहे. गवताच्या रंगाची पिसे, दबून बसण्याची सवय आणि अगदी पायाखाली येईपर्यंत न उडण्याचा हट्ट, यांमुळे शंभर पक्षी असलेल्या माळावरून माणूस चालत गेला तर त्याला दहाही दिसणार नाहीत. मग मोजायचे काय?

या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्यांत १९३० च्या दशकात निघाले. तेथे आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने शिकारी प्राणी-पक्ष्यांच्या स्थितीची पाहणी करून १९३३ साली 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ लिहिला आणि मोजणीशिवाय व्यवस्थापन संभवत नाही हे ठासून सांगितले. मिनेसोटात किंग या संशोधकाने रानातील ग्राउझ पक्ष्यांसाठी एक युक्ती योजली: ठरलेल्या रेषेवरून चालायचे आणि पक्षी उडाला की तो आपल्यापासून किती अंतरावर होता ते टिपायचे. त्या अंतरांवरून न दिसलेल्या पक्ष्यांचा अंदाज बांधायचा. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी या युक्तीला भक्कम गणिती पाया दिला आणि आज भारतातील जंगलांत हरणांची घनता काढताना तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात.

आयोवा राज्यात मात्र याहूनही साधा मार्ग रूढ झाला. तेथील फेझंट पक्ष्यांची गणना ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे, ठरलेल्या तीस मैलांच्या रस्त्यांवर गाडी सावकाश चालवून करतात. अट एकच महत्त्वाची: त्या सकाळी दव दाट पडलेले असले पाहिजे. ओल्या गवतात भिजलेली मादी पिलांना घेऊन अंग वाळविण्यासाठी रस्त्याच्या खडीवर येते, आणि तेवढ्या वेळात जे एरवी दिसत नाही ते दिसते. दव नसेल तर पक्षी तेवढेच असूनही आकडा खाली येतो. म्हणून मोजणारे दवाची वाट पाहतात.

ही गणना राज्यात एकूण फेझंट किती, हे सांगतच नाही. एका मार्गावर सरासरी किती दिसले, एवढेच ती सांगते. परंतु तोच मार्ग, तोच पंधरवडा, तीच वेळ, तोच वेग आणि तसेच दव, असे दरवर्षी असेल, तर यंदाचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. आम्ही अर्थशास्त्राचे लोक याला निर्देशांक म्हणतो. घाऊक किमतींचा निर्देशांक देशातील सर्व मालाची किंमत सांगत नाही; एका ठरलेल्या टोपलीची किंमत कशी बदलली ते सांगतो. टोपली दर वर्षी बदलली तर निर्देशांकाला काही अर्थ उरत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत ही टोपली म्हणजे तो रस्ता आणि ती वेळ.

१९६६ साली चँडलर रॉबिन्स यांनी हाच विचार उत्तर अमेरिकेतील साऱ्या पक्ष्यांसाठी लागू केला. साडेचोवीस मैलांचा मार्ग, त्यावर पन्नास थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, आणि सुरुवात सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने. मोजणारे बहुतेक हौशी स्वयंसेवक. पहिल्या दहा वर्षांत त्यातून फारसे काही हाती आले असे म्हणता येणार नाही. पण २०१९ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की १९७० पासून उत्तर अमेरिकेने सुमारे तीन अब्ज पक्षी गमावले आणि गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. त्या निष्कर्षाचा मुख्य आधार ही पन्नास वर्षांची कंटाळवाणी हजेरीवहीच होती.

आता कोणी म्हणेल की हे सारे परदेशातले झाले. मला तसे वाटत नाही, कारण मोजणीची ही शिस्त एका मराठी माणसाने आपल्याच महसुली व्यवस्थेला शिकविलेली आहे. आपल्याकडे पिकाचा अंदाज पटवारी किंवा तलाठी नजरेने करीत असे. सोळा आणे म्हणजे उत्तम पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. ही आणेवारी नजरेवर अवलंबून होती आणि तिच्यावर सारा-सूट अवलंबून होती. साहजिकच नजर परिस्थितीप्रमाणे झुकत असे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात, भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना, याला पर्याय रूढ केला. यादृच्छिक रीतीने गाव निवडायचे, त्यातील शेत निवडायचे, शेतातील ठरावीक मापाचा तुकडा निवडायचा आणि तेवढ्यातले पीक प्रत्यक्ष कापून, मळून, तोलायचे. आजही पीक कापणी प्रयोग म्हणून तलाठी आणि कृषी सहायक हेच करतात.

सुखात्म्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मला आमच्या विषयासाठी फार मोलाची वाटते. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादनाचा अंदाज खऱ्याहून जास्त येतो. कारण तुकड्याच्या सीमारेषेवरचे रोप आत की बाहेर, हा निर्णय माणूस करतो, आणि त्याचा हात ते रोप आत घेण्याकडे वळतो. तुकडा लहान म्हणजे त्याच्या मानाने सीमा मोठी, आणि सीमा मोठी म्हणजे चूकही मोठी. रस्त्यावरून केलेली पक्षिगणना ही तर निव्वळ सीमेवरचीच मोजणी. रस्त्याच्या कडेला धूळ असते, खडे असतात, ट्रकमधून सांडलेले धान्य असते, बांधावर गवत असते. तेथे जे दिसते ते आतल्या सलग शेतात असेलच असे नाही. म्हणून रस्त्यावरच्या आकड्याला जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने गुणून 'एकूण संख्या' काढणे हा दोष आहे. आणि तोच आकडा दरवर्षी त्याच जागी घेऊन चढउतार पाहणे हा गुण आहे. प्रशासनाला मात्र नेमका गुणाकार हवा असतो. विधानसभेत प्रश्न येतो, 'राज्यात एकूण किती?' त्याला 'मार्गामागे सरासरी इतके' हे उत्तर चालत नाही.

आपल्या देशात या पक्ष्यांची जी मोजणी झाली ती फार उशिरा, आणि जे संपत आले त्यांचीच. माळढोकाचे उदाहरण घ्या. धर्मकुमारसिंहजी यांनी १९६९ साली देशभरात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज केला. आज ही संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्रात सोलापूरजवळच्या नान्नजला १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथे राखलेल्या गवताच्या कुरणांत तो टिकून होता. दुष्काळनिवारणाच्या पैशातून गुरांसाठी वाढविलेल्या गवताने एक पक्षी जगविला, ही गोष्ट आम्हां योजनाकारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. ज्याला घर बांधायलाही परवानगी लागू लागली त्या शेतकऱ्याने पक्ष्यावर प्रेम करावे, ही अपेक्षा अवास्तव होती. २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. तोवर माळढोकच बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथे १९८१ साली असेच सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तेथेही जमीन बहुतांशी खाजगी, आणि तिच्या विक्रीवर निर्बंध. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माळढोक तेथून नाहीसा झाला. अभयारण्य मात्र पुढे पाव शतकाहून अधिक काळ कागदावर राहिले, आणि २०२२ साली ते रद्द झाले. पक्षी आधी गेला, अभयारण्य मागाहून गेले, आणि मधल्या काळात शेतकऱ्यांची कुचंबणा झाली. पहिल्या काही वर्षांतल्या घसरणीवर तत्परतेने कृती झाली असती तर दोघांचेही भले झाले असते.

तणमोराची कथा मोजणीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. मध्य प्रदेशात त्याला खरमोर म्हणतात. रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही त्याची अभयारण्ये, दोन्ही १९८३ ची. हा पक्षी पावसाळ्यात गवताळ माळांवर येतो. मादी गवतात दडून बसते. नर मात्र तिला आकर्षित करण्यासाठी दिवसातून शेकडो वेळा गवताच्या वर उडी मारतो. म्हणून पाहणी करणारे पावसाळ्यात माळामाळाने फिरून उड्या मारणारे नर मोजतात आणि जितके नर तितक्याच माद्या असे गृहीत धरून दुप्पट करतात. १९८२ साली हा अंदाज ४,३७४ होता, १९८९ साली १,६७२, १९९४ साली २,२०६, आणि १९९९ साली रवी शंकरन यांच्या पाहणीत ३,५३०. मधली खोल घसरण ही मुख्यतः १९८० च्या दशकातील दुष्काळांमागून आलेली, आणि पुढची चढण बऱ्या पावसाची. एकच पाहणी हाती असती तर १९८९ साली 'पक्षी संपला' आणि १९९९ साली 'पक्षी सुरक्षित आहे' असे दोन परस्परविरोधी अहवाल निघाले असते. त्यानंतर अठरा वर्षे संपूर्ण प्रदेशाची तशी मोजणीच झाली नाही. २०१७ साली ती झाली, तेव्हा अंदाज सातशेच्याही खाली आला. त्या अठरा वर्षांत घसरण केव्हा सुरू झाली, कशाने झाली, कोणत्या वर्षी थांबविता आली असती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात असताना, एका प्रकल्पाच्या आर्थिक छाननीचे काम माझ्याकडे आले. प्रकल्पासाठी मोठे माळरान घ्यायचे होते. सोबत पर्यावरणाची पाहणी जोडलेली होती. तिच्यात जमिनीवरील पक्ष्यांच्या रकान्यात तणमोरापुढे शून्य लिहिले होते. लाभ-हानीच्या तक्त्यात मी त्याप्रमाणे 'वन्यजीव: नगण्य' असे लिहिले आणि नस्ती पुढे पाठविली. पाहणी दोन दिवसांची होती आणि ती मे महिन्यात झाली होती. तारीख पहिल्याच पानावर छापलेली होती. ती मी वाचलीही होती. तणमोर त्या माळावर येणारच असेल तर पावसानंतर येणार, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण 'या महिन्यात मोजणी का केली?' एवढे विचारायला पक्षिशास्त्र लागत नाही. गव्हाच्या पिकाची पाहणी ऑगस्टमध्ये केली असे कोणी लिहिले असते तर मी ती नस्ती तत्काळ परत पाठविली असती. त्या माळावर खरोखर तणमोर होता की नव्हता, मला माहीत नाही. आता कळण्याचा मार्गही नाही, कारण आता तेथे माळ नाही. 'दिसले नाहीत' आणि 'नाहीत' या दोन वाक्यांतला फरक माझ्या सहीखाली पुसला गेला, एवढे मात्र खरे.

वाघांच्या बाबतीत या देशाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. पाऊलखुणांवरून प्रत्येक वाघ ओळखून एकूण संख्या सांगण्याची पद्धत अनेक दशके चालली. आकडे वाढत राहिले, आणि २००५ साली राजस्थानातील सरिस्का रिकामे असल्याचे उघड झाले. २००९ साली जबलपूरच्या उत्तरेस असलेल्या पन्नातही वाघ उरला नसल्याचे मान्य करावे लागले. आणेवारीचा रोगच येथेही होता: ज्याच्या आकड्यावर ज्याचे भवितव्य अवलंबून, त्यानेच तो आकडा नजरेने ठरवायचा. २००६ पासून देशभर नमुना पद्धतीने, कॅमेरे लावून आणि ठरलेल्या रेषांवर चालून दर चार वर्षांनी गणना होऊ लागली. १९६३ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या राज्य वन संशोधन संस्थेचाही मध्य प्रदेशातील या कामात वाटा आहे. वनरक्षक सकाळी त्या रेषांवरून चालतो तेव्हा हरणांबरोबर मोरांचीही नोंद होते. मात्र ही सारी व्यवस्था जंगलाच्या हद्दीत थांबते. तित्तिर, लावा, टिटवी, पखुर्डी यांचे जगणे हद्दीबाहेर, शेतात आणि पडीक जमिनीत. तेथे ना वनखाते मोजते, ना कृषिखाते.

आणि बदल तर तेथेच सर्वांत मोठा झाला. जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या जमिनीत 'हवेली' नावाची शेती होती. शेतांना उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवायचे, शरदात ते सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. त्या बांधांवर गवत वाढे. बरगी धरणाचे कालवे आले, सोयाबीन आले, कालव्यावरचा भात आला, बांध अरुंद झाले. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण आमचा चालक म्हणतो ते तित्तिर बांधांबरोबर गेले की कीटकनाशकांमुळे गेले, की चोरट्या शिकारीने गेले, की त्याच्या आठवणीतच ते जरा अधिक आहेत, हे ठरविण्यास आधार नाही. चारही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. शेवटच्या कारणाला तर उपायाचीही गरज नाही.

अलीकडे हौशी पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींतून ही पोकळी काही प्रमाणात भरू लागली आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालासाठी सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी वापरल्या गेल्या. ९४२ प्रजातींचा विचार झाला. त्यांपैकी ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील साठ टक्क्यांत घट आढळली. मोर मात्र लक्षणीय वाढला आहे. हे काम मोठेच आहे. तरी त्यातही प्रत्येक प्रजातीचा दीर्घ कल निघू शकला नाही, आणि हौशी माणूस स्वाभाविकपणे जेथे पक्षी आहेत तेथे जातो. उद्या पक्षी गेले की तोही दुसऱ्या माळावर जाईल. ठरलेल्या रस्त्याचे महत्त्व हेच की तेथे काही दिसत नसले तरी जायचे असते.

यासाठी काय लागेल? प्रत्येक तालुक्यात कमी रहदारीचा तीसेक किलोमीटरचा एक रस्ता. किलोमीटरचे दगड सार्वजनिक बांधकाम खात्याने आधीच लावून ठेवले आहेत. वर्षातून दोन सकाळी, ठरलेल्या तारखांच्या आसपास, ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने एक मोटरसायकल आणि दोन माणसे. नोंदवहीत पक्ष्यांबरोबर तारीख, वेळ, धुके, दोन्ही बाजूंची पिके आणि रहदारी. जबलपूर-नागपूरसारखा चौपदरी झालेला मार्ग यासाठी उपयोगाचा नाही, कारण तेथे रस्ताच बदलला. वीस वर्षांपूर्वीचा आकडा असता तरी तुलना झाली नसती. शिवाय तीन पथ्ये. आकडा गुणून एकूण संख्या काढू नये. आकड्यावर कोणाचे बक्षीस, बदली किंवा अनुदान अवलंबून ठेवू नये. आणि शून्य आले तर तेही, महिना व वेळ यांसह, तितक्याच निष्ठेने लिहावे.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी वर्षातून एकदा तरी गावी जातो. बसच्या किंवा गाडीच्या खिडकीतून तोच फाटा, तोच माळ पाहतो आणि घरी पोहोचल्यावर म्हणतो, "पूर्वी इथे किती पक्षी असायचे!" त्या रस्त्यावर एक सकाळ मोजणीसाठी द्यावी, अशी माझी सूचना आहे. मात्र दिवाळीच्या पाडव्याला मोजू नका. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि तेवढ्यात माळाचे गवत हिरव्याचे पिवळे होते. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर होणाऱ्या प्राण्यांच्या नोंदींनाही हीच अडचण आहे. पौर्णिमा कधी एप्रिलअखेरीस, कधी मे महिन्याच्या शेवटी. चांदणे बरे मिळते, पण वर्षावर्षांची तुलना कठीण होते. इंग्रजी तारीख धरा आणि तीच पाळा.

मी स्वतः गेल्या वर्षीपासून मंडल्याच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका लहानशा रस्त्यावर पंधरा जानेवारीच्या आसपास जातो. पहिल्या वर्षी धुके इतके होते की निम्म्या रस्त्यात काही दिसले नाही. तसे वहीत लिहिले आहे. यंदा आभाळ स्वच्छ होते आणि तित्तिर अधिक दिसले. वाढले असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांवरून काही म्हणता येत नाही, आणि माझी नोकरी आता फार उरलेली नाही. निवृत्त झालेला आमचा चालक दोन्ही खेपांना बरोबर आला होता. ती वही आणि तो रस्ता त्याच्या नातवाकडे सोपवावा असे आमचे ठरले आहे. मुलगा बारावीत आहे, डोळे तीक्ष्ण आहेत, आणि पहाटे उठायला त्याची हरकत नाही.